ज्ञानोबाची नवी कातडी

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. गाव तलवाडा. शेवटची पोस्टिंग लडाखमधल्या एका उंच पोस्टवर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज राहायचं, मग जवानांची हातापायांची बोटं थंडीनं काळी पडलीत का तपासायची, पट्ट्या बदलायच्या. रोजचं हेच. नायक ज्ञानोबा तिथंच भेटला. कपिलधारजवळचा, घरी मेंढरं. बीडकडची बोली बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून जेवायला एकत्र बसायचो.

त्या दुपारी शेल्टरमधल्या ऊब देणाऱ्या रॉकेलच्या शेगडीचा, बुखारीचा, भडका उडाला. रेडिओ ऑपरेटर आत होता. ज्ञानोबा आत शिरला, त्यानं ऑपरेटरला बाहेर ढकललं आणि स्वतः पेटत्या ताडपत्रीखाली सापडला. आम्ही ओढून काढलं तेव्हा त्याचे दोन्ही हात भाजले होते. नाकात काजळी होती.

मी रेडिओवर कळवलं, "एक कॅज्युअल्टी. बर्न्स, सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"हवामान खराब. वेट. आउट."

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी आलं. मी सोबत गेलो आणि हॉस्पिटलच्या बर्न्स वॉर्डातच ड्यूटी मागून घेतली. तिथल्या डॉक्टर, मेजर मॅडम, त्याच्या हातांना एक जेल लावायच्या.

"यातलं प्रोटीन आपल्या शरीरातही असतं," त्यांनी मला सांगितलं. "जखमेच्या कडेला जिवंत पेशी उरलेल्या असतात. त्यांना ते वाढायला लावतं."

ते खरंच होतं. ड्रेसिंग सोडलं की कडेची गुलाबी कातडी आत सरकलेली दिसायची.

"लई खाजतंय बे," ज्ञानोबा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कातडी येतीय. हात लावू नको."

"मग घरी जाता येईल?"

"येईल."

हातांच्या जखमा भरत होत्या. धुरानं पोळलेली फुप्फुसं मात्र साथ देईनात. न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला. एका सकाळी तो गेला.

शरीर पुसायला मीच पुढं झालो. पट्टी काढली. कातडी आदल्या दिवसापेक्षा पुढं आली होती. तिला कुणी थांब म्हणालं नव्हतं.

शवपेटीबरोबर मी त्याच्या गावी आलो. त्याच्या आईनं विचारलं, "हात लई जळालते का रे, बाबा?"

"बरे होत आलते, माय."

"मग गेला कावून?"

मी फुप्फुसांचं सांगितलं. ती नुसती माझ्या हातांकडं बघत राहिली.

आता सैन्य सोडून मी माझ्या गावात, तलवाड्यात, ड्रेसिंग करतो. ऊसतोडीहून आलेली माणसं कोयत्याच्या जखमा घेऊन येतात. जखम भरली की खुशीत दाखवतात. मी "छान" म्हणतो आणि मान फिरवतो.

नायक ज्ञानोबा सत्तावीस वर्षांचा होता. मेंढरं वळवायची शीळ त्या पोस्टवर फक्त त्यालाच यायची.