सहाव्या सकाळची धार

सासरे आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत चार शर्ट, दोन पायजमे, औषधांची पिशवी आणि दाढीचं सामान होतं. जड, जुनं सेफ्टी रेझर, दांडा झिजलेला ब्रश, साबणाची गोल डबी आणि ब्लेडची पाकिटं. दवाखान्यातून सुटल्यावर खुर्चीत बसून त्यांनी मुलीकडून एकेक वस्तू भरून घेतली होती. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात वर जायचा, पण त्यात काही धरता येत नव्हतं. उजव्या गालाला तर काहीच कळत नव्हतं. चहाचा थेंब त्या बाजूनं हनुवटीपर्यंत ओघळला तरी त्यांना पत्ता नसायचा. बायको रुमालानं पुसायला गेली की ते मान दुसरीकडे वळवत.

आयुष्यभर ते चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. यंत्रांच्या हत्यारांना धार लावणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर, आणि पुढे सासूबाई गेल्यावरही, रोज सकाळी दाढी केल्याशिवाय ते पेपरला हात लावत नसत.

पहिल्याच आठवड्यात बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावलो. डाव्या हातानं दाढी करायला गेले होते. हनुवटीवर तीन ठिकाणी रक्त, रेझर फरशीवर, आणि ते आरशात स्वतःकडे असे बघत होते, की जणू समोर दुसराच कुणीतरी उभा आहे.

मग कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या कारागिराला घरी बोलावलं. त्यानं फटाफट दाढी उरकली. तो गेल्यावर सासरे म्हणाले, "माणूस चांगला आहे. भेंडी चिरायला ठेवून घ्या."

त्यानंतर चार दिवस त्यांनी दाढीचं नावही काढलं नाही. पांढरे खुंट वाढत गेले, आणि ते खुर्चीत जास्त वेळ डोळे मिटून बसायला लागले. एका सकाळी स्वयंपाकघरात बायको हळूच मला म्हणाली, "तू करशील का बाबांची दाढी?"

"मी? मी स्वतःची मशिननं करतो. मला कुठे येते?"

"ते शिकवतील की," ती म्हणाली.

पंधरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना स्पर्श केला होता तो फक्त पाया पडताना. बाकी आमचं बोलणं म्हणजे क्रिकेट आणि हिंजवडीचा ट्रॅफिक. त्या दिवशी मी बाल्कनीत खुर्ची ठेवली, त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर केली. दुसऱ्या माणसाचा चेहरा असा हातात धरायची माझी ती पहिलीच वेळ. कातडी मऊ होती, सैल होती, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा गरम.

"दाबू नका," ते डोळे मिटूनच म्हणाले. "रेझरला स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरतं. आधी केस भिजू द्या नीट. आज ऑफिस घरातच आहे ना तुमचं? मग पळायचंय कुठे?"

थंडीचे दिवस होते. वारज्याच्या बाजूला धुकं असायचं, आणि समोरच्या इमारती त्यात कमरेपर्यंत बुडालेल्या दिसायच्या. मगातल्या पाण्याची वाफ वर यायची, साबणाचा फेस गालावर चढायचा. खाली वॉचमन गाड्या धुवायचा, त्या पाण्याचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटायचा. रेझर खाली ओढलं की केस कापल्याचा बारीक, कुरकुरीत आवाज येई. त्या वीस मिनिटांत मी जागा असायचो की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. फोन आत वाजत राहायचा, आणि तो माझाच आहे हे मला उशिरा कळायचं.

ब्लेडबद्दल त्यांची मतं पक्की होती. पहिल्या दिवशी नवं ब्लेड जरा उद्धट असतं, हात आणखी हलका ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सगळ्यात चांगलं चालतं. चौथ्या दिवशी कुरबुर सुरू होते. पाचव्या दिवशी ते केस कापायच्या आधी ओढतं.

"मग पाचच दाढ्या?" मी विचारलं.

"माझ्या. तुमच्या नाही. तुमचा केस राठ आहे, तुमच्यापुढे बिचारं तीन दिवसांत हात टेकेल. आणि ते टॉवेलनं पुसू नका, पुसलं की धार मोडते. पाण्यात हलवा, झटका आणि उभं ठेवा." मग थोडं थांबून म्हणाले, "आम्ही लहान असताना वडील ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासायचे. एक ब्लेड महिनाभर. रडत रडत दाढी करायचे, पण महिनाभर!"

हसताना त्यांची डावी बाजूच हसायची.

सुरुवात नेहमी डाव्या गालापासून व्हायची. त्या गालाला कळत होतं. तिथे ब्लेड फिरलं की ते सांगत, "ठीक आहे," किंवा "उद्या बदला." उजव्या गालावर मात्र ते गप्प असत. तिथे मी एकटाच असायचो, माझ्या बोटांच्या आणि त्या आवाजाच्या भरवशावर. एकदा तिथे बारीक कापलं, फेसात लाल रेघ उमटली. मी कापूस शोधत होतो आणि ते शांतपणे समोरच्या झाडावरच्या बुलबुलाकडे बघत होते. त्यांना काही कळलंच नव्हतं. मी पण सांगितलं नाही.

असे दोन महिने गेले असतील. मग एका आठवड्यात मला सलग दोन दिवस हिंजवडीला जावं लागलं. दाढी चुकली, आणि ब्लेडचा माझा हिशेब चुकला. परत बाल्कनीत बसलो त्या सकाळी थोड्या वेळानं मीटिंग होती. लॅपटॉप डावीकडच्या टेबलावर उघडा होता, म्हणून मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनं बसलो आणि नकळत उजव्या गालापासून सुरुवात केली.

"आई गं!" ते एकदम दचकले. "ओढतंय की हे! कितवी दाढी आहे?"

"सॉरी, बाबा. सहावी बहुतेक. बदलतो मी, थांबा."

मी रेझर उघडायला घेतलं आणि माझा हात तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते. फेसानं भरलेला चेहरा, भुवया वर.

"कुठे ओढलं?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात हळूहळू वर आणला आणि एक बोट उजव्या गालावर, गालफडाच्या हाडाच्या खाली टेकवलं. "इथे."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं पिपाणीसारखं वाजणं चालू होतं. 

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

"नवं घालतो आधी."

"नवं नको. नव्याचं काही कळायचं नाही. हेच लावा. तिथेच."

मी पुन्हा फेस लावला आणि ते बोथट ब्लेड त्याच जागी, अगदी हलक्या हातानं, बोटभर खाली ओढलं. त्यांचा डोळा बारीक झाला. "हां," ते म्हणाले. "आता थोडं खाली." तिथेही ओढलं. हनुवटीजवळ मात्र काही नव्हतं. मग पुन्हा वर. गावाच्या नकाशावर रस्ता शोधावा तसे आम्ही त्यांच्या गालावर फिरत होतो. लॅपटॉपमधून कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं, आवाज येतोय का? मी झाकण मिटलं.

शेवटी तेच म्हणाले, "बस झालं. बदला आता ते. कातडी सोलून काढाल माझी." आणि त्यांनी टॉवेलचं टोक डोळ्यांवर दाबून धरलं. बराच वेळ. फेस गेला असेल डोळ्यात, असं मी धरून चाललो.

बायकोला त्यांनीच सांगितलं. "जावईबापूंनी दुखवलं मला आज," एवढंच. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तर ते हसत होते. हसू थोडं उजवीकडेही गेलं होतं, किंवा मला तसं दिसलं.

नंतरचं सगळं सावकाश झालं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, ती त्यांना रबराचा चेंडू दाबायला लावायची. ते तिला म्हणायचे, "बाई, यापेक्षा मी कणीक मळतो, घराला उपयोग तरी होईल." आणि खरंच एक दिवस परातीसमोर बसले. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या उजव्या हातात रेझर टिकायला लागलं. गाल ते करायचे, गळा माझ्याकडे. एका सकाळी मी बाल्कनीत पाणी घेऊन गेलो, तर गळाही झालेला होता. जबड्याखाली एक पांढरी ओळ राहून गेली होती.  मला जरा वाईट वाटलं, हे खरं आहे. आपल्याला एखादी गोष्ट करायला नुकती यायला लागावी आणि तिची गरजच संपावी, तसं.

चिंचवडला आपल्या घरी परत जाण्याआधी त्यांनी मला रविवार पेठेत नेलं. माझ्या कोपराला धरून हळू चालत होते. दुकानदारानं चार रेझर समोर मांडली. त्यांनी एकेक तळहातावर तोललं आणि त्यातलं एक माझ्याकडे सरकवलं. "याला वजन आहे. तुम्हाला दाबायची सवय आहे, ती जाईल."

आता मी रोज सकाळी त्याच बाल्कनीत उभा राहतो. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं, माझं ब्लेड तीन दिवस चालतं. पण मला वाटायचं, केस नीट भिजवले तर चौथाही दिवस निघेल. परवा फोनवर त्यांना म्हटलं, "बाबा, चौथ्या दिवशी ओढतंच हो."

"मग तिसऱ्या दिवशी बदला. त्यात विचारायचं काय?" ते म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली. "आणि ऐका, आज लिफ्ट बंद होती. जिन्यानं खाली जाऊन दुधाची पिशवी घेऊन आलो. चार मजले. तिला सांगू नका, ओरडेल."