मामाचं फुकटचं तिकीट

ठाणाकुशनूरच्या बाणूबाईनं आई गेल्यावर धाकट्या भावाला, मल्लिकार्जुनला, मेंढरं राखून शिकवलं. तो अमेरिकेत मोठ्या पगारावर लागला. कंपनीच्या कामानं सारखा विमानातच असायचा. त्या फिरण्याचे पॉइंट साठायचे आणि पॉइंटवर फुकट तिकीट मिळायचं. पगार वाढला, पण फुकटाची गोडी काही सुटली नाही.

२००९ साली बाणूबाईच्या लेकीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहायलाच हवा. मल्लिकार्जुनचा फोन आला, "अक्का, दोन कंपन्यांची विमानं जोडून यावं लागायलंय. त्या तारखेला दुसऱ्या विमानात पॉइंटवर जागा न्हाई. लग्न आठ दिवस पुढं ढकल."

तिनं व्याह्यांचे पाय धरले, पत्रिका पुन्हा छापून घेतल्या.

लग्नाला चार दिवस राहिले आणि पुन्हा फोन आला. पहिल्या विमानाची वेळ बदलली होती, त्यामुळं दुसरं गाठता येत नव्हतं. सगळं तिकीट नव्यानं करायचं, तर पॉइंटवरची जागा थेट पुढच्या महिन्यात होती.

"मग पैसे भरून ये की."

"पॉइंट असताना पैसे कामून घालू, अक्का?"

लग्नात मनीषाच्या पाठीशी बाणूबाई स्वतःच उभी राहिली. बायका कुजबुजल्या. तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "अक्का, जिवाला लावून घेऊ नको. तिकीट रद्द केलो, सगळे पॉइंट परत मिळाले. काहीच वाया गेलं न्हाई."

बाणूबाईनं फोन ठेवला. मामासाठी आणलेला कोरा फेटा ट्रंकेतून काढला आणि फाडून शेरडांसाठी दावी वळली.