शेळीचे ओठ

माझी बायको शेळी झाली ती माझ्यामुळे. मी सोलापुरात ॲनिमेशनचा क्लास चालवतो. बाजारात स्वतःचाच भाव करणाऱ्या एका तोंडाळ शेळीची तीन मिनिटांची फिल्म मी संगणकावर केली होती आणि शेळीला आवाज हवा होता. बायको तयार झाली, पण एका अटीवर. म्हणाली, "माझ्या नायनांना सगळं कळलं पाहिजे."

नायना म्हणजे तिचे वडील. त्यांचा उभा जन्म यंत्रमागावर गेला. त्या खडखडाटात कामगार नुसते ओठ हलवून तेलुगूत गप्पा मारायचे, आणि त्याच खडखडाटानं त्यांचे कान गेले. आता घरात कुणीही बोललं की ते आधी तोंडाकडे बघतात.

फिल्म जोडली, तर सुरुवातीला शेळी ठीक बोलायची. पण शेवटाकडे ती तोंड मिटून मोकळी व्हायची आणि आवाज मागून रांगत यायचा. मी आवाज अलीकडे ओढला. शेवट जुळला, पण आता सुरुवातीला तोंड उघडायच्या आतच शेळी भांडायला लागली. मग आवाज कापला, ताणला, पुन्हा कापला. आवाज ज्यावर रेकॉर्ड केला त्या मोबाइलला दोष दिला, संगणकाला दिला, आणि शेवटी बायकोला म्हणालो, "तूच शेवटी शेवटी सावकाश बोललीयस." तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याला आवाजाची गरज नव्हती.

आठवडा असाच गेला. मग दोष सापडला. चित्रं मी सेकंदाला चोवीस या हिशेबानं काढली होती आणि फिल्म बनवताना सेटिंग पंचवीसचं ठेवलं होतं, म्हणून चित्रं पुढे पळत होती. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी मुलांना हेच तपासायला सांगतो, तेही बोट नाचवून. आकडा बदलला आणि ओठ न् आवाज शेवटपर्यंत गुण्यागोविंदानं नांदले. मी घरभर मिरवलो.

"आता नायनांना शब्दन् शब्द कळेल," मी म्हणालो.

"अहो, त्यांना ऐकू कुठं येतं?" बायको म्हणाली. "त्यांना आवाज पुढं काय न् मागं काय!"

मी आठवडाभर बहिऱ्या माणसासाठी आवाज जुळवत बसलो होतो. ज्या ओठांवर त्यांची सगळी भिस्त, ते मी एक उघडे आणि एक मिटलेले, एवढेच काढले होते. त्यातून मराठीसुद्धा वाचता आली नसती, मग तेलुगू कुठली? मला खरंच रडू यायचं बाकी होतं. आणि नायना तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर येऊन बसलेही होते. घरातले बाकीचेही जमले होते.

फिल्म लावली. बायको उठली आणि टीव्हीशेजारी उभी राहिली, वडिलांकडे तोंड करून. शेळीचं एकेक वाक्य ती तेलुगूत, नुसत्या ओठांनी सांगू लागली. तिनं मान उडवली, हात नाचवले, व्यापाऱ्यावर शिंगंही रोखली. संवाद तिला पाठ होते, त्यामुळे ती फिल्मच्या जरा पुढेच होती. नायना सगळ्यांच्या आधी हसायचे, बाकीचे मागून. ते जुळवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

फिल्म संपली तेव्हा नायना डोळे पुसत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि ओठ मोठे करून विचारलं, "शेळी कशी वाटली?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेळी?" ते म्हणाले. "शेळी कुटं होती?"