दोन पिंपं काळी पडली

पेठ तालुक्यातल्या डोंगरात, सावळघाटाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथे अंबूबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वय विचारलं तर ती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात मही थोरली पोर पदरात व्हती. करा हिशोब." शाळेची पायरी ती कधी चढली नाही. पण दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात फ्री रॅडिकल म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि नाशिकच्या शिकल्यासवरल्या निम्म्या मंडळींना ते ठाऊक नव्हतं. यावर पैज लावायची कुणाची तयारी असेल तर त्याने खुशाल लावावी.

तिला ते शिकवलं पल्लवीताईने. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आवळ्याचा अर्क काढणारा एक छोटा कारखाना होता, तिथली ती केमिस्ट. अर्काच्या कॅप्सूल परदेशी जायच्या आणि डबीवर तारुण्य टिकवण्याच्या गप्पा छापलेल्या असायच्या. पाड्यावरच्या बारा जणी, अंबूबाई धरून, डोंगरातला आवळा गोळा करायच्या, वाफवायच्या, फोडी सोडवून रसासकट प्लास्टिकच्या पिंपांत भरून द्यायच्या. आदल्या वर्षी पल्लवीताई स्वतः पाड्यावर आली होती. तिने एक सफरचंद चिरलं. एका फोडीला आवळ्याचा रस चोळला, दुसरी तशीच ठेवली. चहा होईस्तोवर कोरडी फोड तांबूस पडली, रसाची तशीच पांढरी राहिली. "आपल्या अंगात फ्री रॅडिकल नावाचे कण असतात," ती म्हणाली, "मोकाट गुरांसारखे. दिसेल त्याला तोंड लावतात. लोखंडाला गंज चढतो ना, तसं शरीर आतून झिजतं. आवळा त्यांना आवरतो."

मोकाट गुरं अंबूबाईला लगेच कळली. त्याहून जास्त कळला गंज. आवळा गंजाला भारी पडतो, ही गोष्ट तिने मनात पक्की गाठ मारून ठेवली. गाठ पक्की होती, फक्त चुकीच्या जागी बसली होती.

पिंपं न्यायला कारखान्याचा टेम्पो यायचा. ड्रायव्हर पुंजाराम. चाळिशीचा, बोलायला कमी, पानतंबाखूला जास्त. त्या पावसाळ्यात अंबूबाईची सून अडली होती. एसटी बंद, रस्त्यावर दरड. पुंजाराम रिकामा टेम्पो घेऊन परत निघाला होता. तो थांबला, बाईला मागे गोधडीवर निजवलं आणि दरडीच्या कडेकडेने, चाकं अगदी दरीच्या काठावरून नेत तिला खाली दवाखान्यात पोचवलं. निकिता जन्माला आली. पैसे विचारले तर पुंजाराम म्हणाला, "मावशी, नात बघायला येईल तव्हा च्या पाजा." त्या दिवसापासून अंबूबाईला त्याच्यासाठी काय करू नि काय नको असं होऊन गेलं होतं.

पौषातल्या अमावास्येला टेम्पो उशिरा आला. एरवी सकाळीच भरून जायचा. त्या दिवशी आठ पिंपं चढवेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. अवसेच्या सांजेला खाण्याची वस्तू घेऊन घाट उतरायचा, तर त्यात लोखंड टाकायचं असतं. नाहीतर वस्तूच्या मागे नको ते लागतं आणि ते नेणाऱ्या माणसाला धरतं. पाड्यावर बाळंतिणीच्या उशाशी विळा असतो, दुधाच्या चरवीत खिळा असतो, तसंच हे. पुंजारामला सांगितलं असतं तर तो हसून निघून गेला असता. म्हणून त्याने टेम्पोला फेरी मारून दोर आवळेपर्यंत अंबूबाईने जुन्या गाडीच्या चाकाचे दोन खिळे आणले. बोटभर जाडीचे, गंजून तांबडे झालेले. पुढच्या एका पिंपात एक, मागच्या एकात एक. राखण पुढूनही झाली, मागूनही झाली. आवळ्याला त्याचं काय होणार? तो तर गंजाला भारी.

चौथ्या दिवशी निरोप आला: कारखान्यात ये, आजच.

एसटीतून उतरून ती पोचली तेव्हा मागच्या आवारात आठ पिंपं ओळीने मांडली होती. सहांतला रस नेहमीसारखा पिवळसर. दोनांतला काळा, दौतीतल्या शाईसारखा. खिळेही दोनच होते.

मॅनेजर देवरेसाहेब टेबल बाहेर टाकून बसले होते. टेबलावर टेम्पोची किल्ली. समोर पुंजाराम, हातात टोपी.

"ये, बाई," साहेब म्हणाले. "तुमच्या मालाचं काय केलंय याने, बघ."

"साहेब, म्या हात लावला नाय," पुंजाराम म्हणाला. हे त्याने सकाळपासून बऱ्याचदा म्हटलं असावं, कारण आवाजात जीव उरला नव्हता.

पल्लवीताई प्रयोगशाळेतून दोन काचेच्या नळ्या घेऊन आली. दोन्हींत चांगल्या पिंपातला स्वच्छ रस. एका बाटलीतून तिने पिवळ्या पाण्याचे दोन थेंब एका नळीत सोडले. रस डोळ्यांदेखत निळा-काळा झाला.

"हे लोखंडाचं पाणी आहे, अंबूबाई," ती म्हणाली. "आवळ्यातल्या तुरटपणाला लोखंड भेटलं की असं होतं. आणि लोखंड शिरलं की अर्काची ताकदच जाते. जो गंज थांबवायचा, तोच आत जाऊन बसतो. त्या दोन पिंपांत लोखंड गेलंय, एवढं नक्की. कुठून, ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," देवरेसाहेब म्हणाले. "वाटेत करंजाळीला हा तासभर थांबला होता. म्हणे पंक्चर! दोन पिंपांतला रस कुणाला तरी विकला आणि गंजक्या टाकीचं पाणी भरलं. बारा वर्षं विश्वास ठेवला मी याच्यावर." ते पुंजारामकडे वळले. "उद्यापासून गेटच्या आत दिसायचं नाही. आणि अंबडातला एकही कारखाना तुला उभा करणार नाही, ही व्यवस्था मी करतो. रामभाऊ, ती दोन्ही पिंपं मागच्या खड्ड्यात ओता. वास नको इथे."

वॉचमन रामभाऊने पहिलं पिंप कलतं केलं आणि कडेवर फिरवत न्यायला सुरुवात केली.

अंबूबाईने मागे वळून पाहिलं. खड्डा वीस पावलांवर होता. पिंप ओतलं की खिळा चिखलात जाणार, आणि दुनियेत कुणाला काही कळणार नाही. बारा जणींचं काम शाबूत राहील. तिचा शब्द शाबूत राहील. तिला चोर कुणी म्हणत नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं काही फार अवघड काम नाही, माणसं जन्मभर करतात. तिने पुंजारामकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याला तिच्याकडून काही अपेक्षाच नव्हती, आणि हेच तिला सोसेना.

पिंप खड्ड्याच्या तोंडाशी आलं.

"थांब रं!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने की रामभाऊच्या हातातून पिंप सुटता सुटता राहिलं. "हितंच ओत. समद्यांच्या म्होरं ओत."

"काय झालं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"त्यानं नाय केलं. म्या केलं."

रामभाऊने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. काळा रस फरशीवर पसरला, त्यामागून फोडी आल्या, आणि शेवटी टणकन आवाज करत तो खिळा पडला. आत टाकला तेव्हा तांबडा होता, आता काळाकुट्ट झाला होता. दुसऱ्या पिंपातूनही तसाच निघाला.

मग अंबूबाईने सगळं सांगितलं. अवस सांगितली, घाट सांगितला, नको ते मागे लागतं ते सांगितलं. सांगताना तिला तिचंच बोलणं त्या चकचकीत आवारात वेडगळ वाटायला लागलं, लाजेने मान खाली गेली, पण ती थांबली नाही. "ताई म्हनल्या व्हत्या, आवळा गंजाला आवरतो. मला वाटलं, मंग खिळ्याचं त्याला काय?"

पल्लवीताईने कपाळाला हात लावला. "दगड नको, पाला नको, साबण नको, सगळं सांगितलं मी," ती हळूच म्हणाली. "लोखंड नको, हे सांगायचंच राहिलं."

देवरेसाहेब हसले. ते हसणं बरं नव्हतं. "इथे आम्ही परदेशात माल पाठवतो, आणि तुम्ही भुतं आवरताय! एवढीच भीती होती तर खिळा स्वतःच्या कनवटीला लावायचा, आमच्या मालात कशाला?"

"मला कसली भीती, साहेब? म्या तर पाड्यावरच व्हते," अंबूबाई म्हणाली. "घाट ह्यो उतरनार व्हता. खिळा ह्याच्यासाठी व्हता."

पुंजारामने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

साहेबांनी टेम्पोची किल्ली उचलली. मग ती टेबलाच्या त्या काठाला सरकवली, जिकडे पुंजाराम उभा होता. माफी त्यांनी मागितली नाही. तशी त्यांची रीत नव्हती. अंबूबाईला मात्र त्यांनी एका वाक्यात मोकळं केलं: या हंगामात तुमच्या पाड्याचा माल बंद, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू.

पुंजारामनेच तिला घरी सोडलं. टेम्पो पेठ रोडला लागला. अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि अकरा जणींना काय सांगायचं, ते मनात जुळवत होती. जुळत नव्हतं. चंद्रभागाने दोन महिने उन्हातान्हात आवळा वेचला होता, भागीबाईचे हात वाफेने भाजले होते. त्यांच्या तोंडचा घास आपण आपल्या हाताने काढला, या विचाराने तिला रडू फुटलं आणि ते तिने लपवलंही नाही.

"बारा जनींचं काम घालवलं म्या," ती म्हणाली. "तुह्यावर बालंट आनलं ते येगळंच."

सावळघाटाच्या पायथ्याशी पुंजारामने टेम्पो कडेला घेतला. दिवस मावळायला आला होता. तिला वाटलं, आता हा आपल्याला बोलणार, आणि बोलावंच, म्हणून ती सावरून बसली.

त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात ते दोन्ही खिळे होते, धुऊन पुसून कोरडे केलेले. स्टिअरिंगच्या वर काचेशी एक लाकडी फळी होती, तिच्यावर देवाचा फोटो. एक खिळा त्याने फोटोच्या डाव्या अंगाला फटीत दाबून बसवला, दुसरा तिच्या हातात दिला.

"ह्यो तू बसव," तो म्हणाला. "फळात नको टाकू, मावशी. पन हितं राहू दे."

अंबूबाईने डोळे पुसले आणि उजव्या अंगाची फट शोधून खिळा अंगठ्याने घट्ट दाबला. पुंजारामने गिअर टाकला, आणि टेम्पो घाट चढू लागला.