तात्या आणि दत्तूचे पट्टे

आमचे तात्या माणसाच्या तोंडाआधी पाय बघत. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. कळपातलं कोणतं जनावर दुखणाईत आहे, ते चालीवरून ओळखायची सवय. माझा धाकटा भाऊ दत्तू चवड्यांवर चालतो, हे आईच्या आधी या आमच्या चुलत्यांनीच हेरलं. "वहिनी, पोरगं टाचा टेकवीत न्हाय. लाड न्हाय ह्यो, दुखणं हाय."

येरमाळ्याहून एसटीनं त्याला सोलापूरला तेच घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, औषध नाही. पण टाचेमागची शीर आखडू नये म्हणून झोपताना घोट्यांना हे पट्टे बांधा. मागं लोखंडी पट्टी, तळव्याखाली फळी आणि आवळायला कातडी पट्टे, असा तो जोड होता.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेल्यापासून तात्या गावच्या दूध सोसायटीत माप घेत. संध्याकाळचं दूध रवाना झालं की घरी येऊन दत्तूचे पाय मांडीवर घ्यायचे. टाच तळहातात धरून पाऊल हळूहळू वर दाबायचे, मग पट्टे. दत्तू रडायचा. "झालं, झालं" असं खोटं तात्या कधी म्हणाले नाहीत. "दुखतंय. मला ठावं हाय," एवढंच म्हणत. कातडं काचू लागलं तेव्हा त्यांनी आत घोंगडीचा तुकडा लावला. तो टोचला, मग आपलं धोतर फाडलं.

आईला वाटे, झोपेत बांधून गुण येतो तर दिवसा बांधून दुप्पट येईल. एकदा तिनं पट्टे घालूनच त्याला शाळेत धाडलं. ओढ्याच्या उतारावर तो पडला, हनुवटी फुटली. तात्यांनी त्याला उचलून आणलं आणि पट्टे सोडले. "चवड्यावर चालतंय म्हणून तर तोल धरतंय, वहिनी. ते बी काढून घेतल्यावर कशाच्या जिवावर हुबं ऱ्हाईल?"

"मग बरं कवा व्हनार?"

"बरं व्हनार न्हाय."

घरात हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्यानं बोललं होतं. आई त्या दिवशी जेवली नाही. पण दिवसा पट्टे पुन्हा कधी बांधले नाहीत.

अकराव्या वर्षी दत्तूचं चालणं थांबलं. शेजारी म्हणाले, आता पट्टे कशाला? "चालत न्हाय म्हणून पाय वाकडं हू द्यायचं व्हय? चपला घालील की," तात्या म्हणाले. दर वर्षी येडेश्वरीच्या यात्रेला ते त्याला पाठीवर घेऊन जात. दत्तूच्या पायांत नव्या चपला असत, आणि त्या नीट बसत.

दत्तू पंधरा वर्षांचा असताना तात्या छातीत कळ येऊन गेले. माती देऊन लोक परतले, घर पाहुण्यांनी भरलं. दत्तूच्या पायांची कोणालाच आठवण नव्हती. त्यानंच मला हाक मारली.

"आक्का, पट्टे बांधतीस का?"

मी कधी बांधले नव्हते. त्याला दुखेल म्हणून सैल ठेवले.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "म्या रडीन. तू सोडू नगंस."

मी पुन्हा बांधले. तो रडला. मी सोडले नाहीत. पुढची तीन वर्षं, दत्तू होता तोवर, ते काम माझ्याकडं होतं.