म्हशीचा चीक आणि माझा

मी सोळाव्या वर्षी आई झाले तेव्हा महाराष्ट्र राज्यही माझ्या पोरीसारखंच नुकतं जन्मलं होतं, आणि दोघांना कसं वाढवावं याबद्दल आमच्या वरवट बकाल गावात प्रत्येकाचं ठाम मत होतं. माझं तेवढं कुणी विचारत नव्हतं. माहेरची बाळंतखोली गोठ्याला लागून होती. शेजारणी येत, माझे काडीसारखे हात बघत आणि जाहीर करत, "हे तं सोताच लेकरू हाये. इले कुठचं दूध येते!"

खोलीचा कारभार आत्याकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीकडे. पहिलं पिवळं दूध नासकं असतं, हा तिचा कायदा. ते तिनं माझ्याकडून वाटीत पिळून घेतलं आणि लिंबाच्या बुडाशी ओतलं. पोरीच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा. ती तो थुंकायची आणि किंचाळायची. किंचाळणं हळूहळू बारीक होत चाललं, तशी मी घाबरले.

"पांढरं दूध येऊ दे," आत्या म्हणाली.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस व्याली. खरवसाच्या ओढीनं आत्या भगोणं घेऊन धावली. भिंतीपलीकडून बाबा गरजले, "आक्का, थांब! पयला चीक वगारीचा. तो नाई भेटला तं जगन का ते? उरला तं आपला."

मी बाजेवर ताडकन उठून बसले. बापाशी अंगावरच्या दुधाचा विषय काढणं म्हणजे आमच्याकडे निर्लज्जपणाचा कळस. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "बाबा, म्हशीच्या पोरीले चीक, अन् माह्या पोरीले गुळाचं पानी काऊन?"

बाबा जन्माचे लाजाळू, माझ्याशी काय बोलणार? ते म्हशीशी बोलले, पण चांगल्या खड्या आवाजात.

"पाज व माय, पाज. कोनी काई म्हनलं तं माहं नाव सांग."

म्हशीला दिलेली आज्ञा मी पाळली. आत्या तरातरा परत आली.

"बापाले लाज नाई, लेकीले नाई!" म्हणाली, आणि माझ्याजवळ टेकली. "अशी नोको धरू. डोकं वर घे तिचं. हां."

पोरगी चुटूचुटू ओढू लागली.

बारशाला पोरीचे गाल बघून शेजारणी हरखल्या. आत्यानं पदर सावरला. "पयला चीक पाजाले म्याच लावला," ती म्हणाली.

बाबा उठले आणि म्हशीला वैरण टाकायला गेले.