रॉकेलचा बोळा

आमच्या घरात एक गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. मी कारखान्यातून मांजराचं पिल्लू उचलून आणलं, शेजारच्या अम्माच्या तंबाखूनं ते मरायला टेकलं, आणि तरी आम्ही ते जगवलं. नातवंडांनाही ती पाठ आहे. ती सुरू झाली की मी उठून बाहेर जातो. त्यातला तंबाखू मी घातलेला आहे.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मागावर होतो. गळणारं तेल जमिनीवर पसरू नये म्हणून मागाखाली पत्र्याचं घमेलं ठेवायचो. एका सकाळी त्यात महिन्याभराचं पिल्लू पडलेलं दिसलं. काळं, चिकट, नाक तेवढं वर. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, "टाक बे बाहेर." मी ते रुमालात गुंडाळलं. शेजारच्या मागावरचा ओरडला, "काय बे, वहिनीला साडी म्हणून दाखवतोस व्हय हे?" सगळे हसले, मीही हसलो. दयाळू म्हणवून घ्यायला मला फार आवडायचं.

पाळी सुटली की आम्ही सुताच्या कचऱ्याचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून हात चोळायचो. तेल चटकन सुटायचं. मी पिल्लालाही तसंच चोळलं. पाठ, पोट, कानामागं, शेपटीखाली. हाताला तरी आम्ही नंतर साबण लावायचो, त्याला तोही लावला नाही. माझ्या कपड्यांना रोजच तेला-रॉकेलचा वास असायचा, त्यामुळं पिल्लाचा वेगळा कुणाला आला नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "पुण्य लागेल की हो तुम्हाला." मी नम्रपणे मान खाली घातली.

पिल्लू अंग चाटत बसलं. संध्याकाळी तोंडाला फेस आला, पोटाची कातडी लाल झाली, मान टेकवून ते थरथरायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, जातंय हे. अम्माकडं चला."

अम्मा म्हणजे पलीकडच्या खोलीतली तेलुगू विधवा. दिवसभर गॅलरीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिनं सूप बाजूला सारलं, हात राखेनं घासून धुतले, पिल्लू परातीत घेतलं आणि बायकोला कोमट पाणी आणायला पाठवलं. मग पोटाजवळ नाक नेलं. माझ्याकडं पाहिलं.

"राकेल लावलास काय रे बाबा?"

मी परातीकडं बघत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. बायको पाणी घेऊन आली. अम्मानं बेसन लावून तीन वेळा पिल्लू धुतलं. परातीतल्या पाण्यावर रंगीत तवंग तरंगत होता. बायकोला तो तेलाचा वाटला. नंतर अम्मानं जुन्या धोतराचा तुकडा गळ्यापासून शेपटीपर्यंत गुंडाळला, मग त्याला अंग चाटता येईना. कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाणी, दुसऱ्या दिवसापासून शेळीचं पातळ दूध. दर थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं ती त्याचं बूड पुसायची. चार दिवस ते तिच्याच खोलीत होतं.

आणि त्या चार दिवसांत मी काय केलं ते लिहितो. दुसऱ्याच सकाळी नळावर घरमालकानं विचारलं, "काय झालं हो तुमच्या मांजराला?" मागं घागरी घेऊन सात-आठ माणसं उभी होती, कालच मला पुण्यवान म्हणणारी. मी म्हणालो, "अम्माच्या सुपात तोंड घातलं असणार. तंबाखू तो." एवढं सहज तोंडातून गेलं की मलाच खरं वाटलं. लोकांना तो वास आधीच नकोसा होता, त्यांना कारण मिळालं. दुपारी मालक तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "अम्मा, सूप आत घ्या. आज मांजर हाय, उद्या पोरं खातील."

ती माझ्या दाराकडं बघेल असं वाटलं. तिनं बघितलं नाही. सूप, कातरी, पानांची जुडी उचलून ती आत गेली. सोलापूरचा उन्हाळा, डोक्यावर पत्रा, खिडकी नाही. त्यानंतर ती कधी बाहेर बसली नाही. पाचव्या दिवशी पिल्लू माझ्या बायकोच्या हातात देताना म्हणाली, "हळदीचं तूप लाव गं, पोटाला." माझ्याबद्दल एक शब्द नाही. तिनं चाळीसमोर मला शिव्या दिल्या असत्या तर आज मी स्वतःला एवढा घाण वाटलो नसतो.

मांजर मोठं झालं. रोज दुपारी ते तिच्या खोलीत जाऊन सुपाला लागूनच, तंबाखूच्या धुळीत निवांत झोपायचं. त्याला काही झालं नाही. हे कुणी पाहिलं तर आपलं खोटं उघडं पडेल, या भीतीनं मी सुटीच्या दिवशी तिच्या दारात जायचो, तिच्याकडं न बघता मांजराला मानगुटीला धरून उचलायचो, घरात कोंडायचो आणि बाहेरून कडी घालायचो.